अनुभव निरंक

चांगुणा मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता वारली.

हे वाक्य आता विसरून जायचं. असं काही घडलेलं नाही, आणि घडलेलं नाही याला लेखी पुरावा आहे. हिरा ज्या कागदाच्या पुडीत ठेवतात तिच्या झाकणावर वामनशेठ आपल्या वळणदार अक्षरात पाच ओळी लिहीत. वजन. रंग. घाट. डाग. आणि पाचवी ओळ, जी नाशिकच्या अख्ख्या सराफ बाजारात फक्त त्यांच्याच दुकानात लिहिली जायची : अनुभव. त्या आठवड्यातल्या दोन्ही पुड्यांवर पाचव्या ओळीपुढे एकच शब्द आहे. निरंक.

तेव्हा आधीच्या बुधवारपासून सुरू करू. बुधवारी सगळेच जिवंत होते.

"मोठा मोठा दिसतो," लताबाई म्हणाल्या.

"दिसतो ना?" वामनशेठना आनंद झाला. गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की त्यांना नेहमीच आनंद व्हायचा.

लताबाई पिंपळगावच्या. यजमानांच्या द्राक्षांच्या बागा होत्या, आणि त्र्याऐंशी सालच्या त्या मार्चमध्ये मुलीचा साखरपुडा ठरला होता. जावयासाठी हिऱ्याची अंगठी हवी होती. गादीवर पांढऱ्या कागदावर दोन हिरे होते. एक बासष्ट सेंटचा, एक अठ्ठेचाळीसचा; शंभर सेंटचा एक कॅरट.

"पण मोठा पिवळा आहे."

"पिवळा नाही बाई. उबदार म्हणतात त्याला."

"आणि हा लहान पांढराशुभ्र आहे, पण तुम्ही म्हणता डाग आहे."

"डाग भिंगातून दिसतो. जावई भिंग घेऊन येणार आहेत का?"

"सांगता येत नाही," लताबाई म्हणाल्या. "इंजिनिअर आहेत."

दाराशी उभा असलेला धोंडीराम साळवे हसला नाही. दुकानातला शिपाई हसला तर गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला हसला. पण त्याच्या मनात निकाल लागला होता. लहान घ्यावा. डाग काठाला आहे, अंगठीच्या पकडीखाली झाकला जाईल. मोठ्याचं बूड खोल कापलेलं आहे. वजन सगळं खाली बसलंय आणि उजेड भोक पडलेल्या बादलीसारखा खालून गळतोय. शिपायाला हे कळायचं कारण नव्हतं. पण कळत होतं.

"ते राहू दे," लताबाई शेवटी मुद्द्यावर आल्या. "धार्जिणा कोणता?"

हा प्रश्न हिऱ्याच्या दुकानात ठरलेला. वजन काट्यावर कळतं, रंग उजेडात, घाट आणि डाग भिंगात. पण हिरा घरात आल्यावर घराचं काय करील हे कशातच कळत नाही. म्हणून लोक हिरा आधी घरी नेत, उशाखाली ठेवून तीन रात्री झोपत, आणि मग घ्यायचा की नाही ते ठरवत. स्वप्नं बरी पडली तर घेत. चौऱ्याहत्तर साली वामनशेठचे ओळीने सहा हिरे परत आले. एकाने म्हैस आटवली, एकाने मुलगा गणितात नापास केला, एकामुळे सासूबाई राहायला आल्या. सासूबाई येणारच होत्या, तिकीट आधीच काढलं होतं, हे शेठनी समजावून सांगितलं. गिऱ्हाईक म्हणालं, तिकीट काढण्याची बुद्धी कुणी दिली?

त्यानंतर वामनशेठनी धोंडीरामला बोलावलं होतं.

"तुम्ही लोक असलं काही मानत नाही ना?"

"नाही शेठ. छप्पन्न साली दीक्षा घेतली. बापाने घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले."

"छान. म्हणजे हिऱ्याचा तुझ्यावर काही परिणाम व्हायचा नाही."

"नाही व्हायचा."

"आणि तरी झाला," वामनशेठनी बोट वर केलं, "तर तो खात्रीचा."

यात चूक काढणं अवघड होतं. धोंडीरामने बराच वेळ प्रयत्न केला. शिवाय त्याला अभिमानही वाटला. जी गोष्ट पिंपळगावपासून देवळाली कॅम्पापर्यंतच्या बंगलेवाल्यांना घाबरवते, ती बोटात घालून आपण आरामात फिरू शकतो. म्हणून त्याने होय म्हटलं, आणि गिऱ्हाइकांना 'परीक्षा केलेले हिरे' मिळू लागले. परीक्षा कुणी केली हे कुणी विचारत नसे. हिरा कच्च्या चांदीच्या अंगठीत बसवायचा, खालून उघडा, म्हणजे कातडीला टेकला पाहिजे. उजव्या हाताच्या मधल्या बोटात, बुधवार ते बुधवार. परत आला की शेठ तो आधी दुधात, मग गोमूत्रात आणि मग पुन्हा दुधात बुडवून ठेवत. हिऱ्यावरून नेमकं काय धुऊन काढायचं आहे हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि धोंडीरामने विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

पहिल्या आठवड्यात चपलेचा अंगठा तुटला. धोंडीरामने प्रामाणिकपणे येऊन सांगितलं.

"किती वर्षांची होती?"

"तीन."

"मग तो चपलेचा दोष. हिऱ्याचा नाही."

शहात्तर साली नांदगावला त्याची आई वारली, तीही परीक्षेच्या आठवड्यातच.

"वय?"

"ऐंशीच्या पुढं असंल."

"ऐंशीच्या पुढे गेली, तर त्याला घडलं म्हणत नाहीत," शेठ हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी 'निरंक' लिहिलं. दोन दिवसांची रजा मात्र दिली.

एकदा त्याला कुत्रं चावलं. हे टाळता येईना, कारण दंडाला पट्टी होती. तो हिरा मुंबईच्या व्यापाऱ्याकडे परत गेला आणि दुकान आठवडाभर धोंडीरामशी बोललं नाही, जणू चावला तोच होता. त्यानंतर तो शिकला. बुधवारी शेठनी विचारायचं, "काय घडलं?" आणि त्याने म्हणायचं, "काही नाही." नऊ वर्षांत त्याने चाळीस-बेचाळीस हिरे पार केले असतील. त्याच्याइतका निर्विघ्न माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नव्हता.

बदल्यात स्टूल मिळायचं. परीक्षेच्या आठवड्यात शटर उचलायचं नाही, सायकल चालवायची नाही, उभं राहायचं नाही. हिऱ्याला धक्का लागेल. बाकी आठवडे तो दाराशी उभा. त्या एका आठवड्यात बसलेला. गिऱ्हाइकं त्याला कधीकधी नमस्कार करत.

आणि माडीवर हबीब होता. खडे बसवणारा कारागीर, चौक मंडईतला, एका डोळ्याला कायमचं भिंग लावलेला. अंगठी बसवून द्यायला आणि काढून घ्यायला धोंडीराम त्याच्याकडे जायचा, आणि हबीबला बोलायला माणूस हवा असायचा.

"धोंडू, हिरा तोंडाकडून नाय बघायचा. तोंड सगळ्यांचंच चमकतं यार. उलटा कर, पांढऱ्या कागदावर ठेव, उत्तरेच्या खिडकीत. मग बोल रंग कसा हाय."

"जरा चहासारखा."

"शाबास. आणि डाग? मधोमध हाय का काठाला?"

"मधोमध."

"मग गेला. मधला डाग एक असला तरी दहा दिसतो, आरशाच्या खोलीत उभा केल्यासारखा. काठावरचा डाग काय, पकडीखाली गप बसतो." मग हबीब भिंग कपाळावर सरकवायचा. "तू माझ्या शेठपेक्षा बरा बघतो. पण शेठ गादीवर हाय आणि तू दारात. याला पण घाटच म्हणतात."

लताबाईंना धार्जिणा कोणता ते कळायला हवं होतं, आणि दोन्ही हिऱ्यांचं कळायला हवं होतं, आणि साखरपुडा दहा दिवसांवर होता.

"दोन्ही एकदम घालता येणार नाहीत," वामनशेठ म्हणाले. "काही घडलं तर कुणी घडवलं ते कसं कळणार?" त्यांनी धोंडीरामकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बायको आहे ना रे तुला?"

"आहे की शेठ."

"तीही नाही ना मानत?"

"माझ्यापेक्षा नाही मानत."

"मग एक तू घाल, एक तिला घाल. कुणी कोणता ते तुम्ही ठरवा. नवरा-बायको म्हणजे काय, एकच."

लताबाईंना ते पटलं. त्या गेल्यावर शेठनी धोंडीरामला गादीजवळ बोलावलं. आवाज खाली आणला. "हे काम नीट पार पाड. पाडव्यापासून गादीवर बस. पुड्या उघडून गिऱ्हाइकाला दाखव. हबीब सांगत होता, तुला समजतं."

धोंडीराम पुलावरून पंचवटीत आणि तिथून पेठ रोडच्या वसाहतीपर्यंत चालत गेला. त्या दिवशी सायकल चालवायची नव्हतीच, पण असती तरी चालत गेला असता. दोन्ही खिशांत एकेक अंगठी होती.

चांगुणा दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. पदराने तोंड झाकून खोकत होती. खोकला दिवाळीपासूनचा होता. तंबाखूत बसायचं म्हणजे खोकला हा कामाचाच भाग, असं वसाहतीतल्या सगळ्या विडीवाल्या बायकांचं मत होतं.

"उजवा हात कर."

"आता या वयात काय?"

"कर तर."

त्याने दोन्ही अंगठ्या तिच्यासमोर धरल्या. तिने मोठी पाहिली, मग लहान.

"ह्यो बारीक तुझा," तो म्हणाला.

"बारीक मला व्हय? आन् मोठा सोताला?"

"बारीक हाय पण चांगला हाय. मोठ्याचं नुसतं वजन हाय. ह्याचा रंग बघ, घाट बघ. मी निवडला असता तर ह्योच निवडला असता."

"मंग निवडलाच की," चांगुणा म्हणाली आणि तिने बोट पुढे केलं.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. या सत्तावीस वर्षांत त्याने तिच्यासाठी पारखून आणलेली ही पहिली वस्तू, आणि ती आठ दिवसांनी परत करायची होती.

नळावर शेजारची शकुबाई हात धरूनच बसली. "काय गं चांगुणे, धोंडूभाऊनी दुकान फोडलं का?"

"परीक्षेला दिलाय. शेठचा हाय."

"आन् परीक्षेत तू नापास झालीस तर?"

"मी नाय, ह्यो नापास हुतो."

"हिऱ्याचं बरं हाय बाई," शकुबाई म्हणाली. "नापास झाला तरी मुंबईला जातो."

चांगुणा चिंधी गुंडाळलेल्या बोटाने विड्या वळत राहिली. गुरुवारी, शुक्रवारी. वळताना मधूनच चिंधी सोडून बघायची, पुन्हा गुंडाळायची. शनिवारी तिला ताप भरला. रविवारी खोकताना ती अर्धी उठून बसायची आणि नंतर पुन्हा पडायला तिला वेळ लागायचा. श्वास घेतला की छातीत काहीतरी करकरायचं.

"दवाखान्यात जाऊ," धोंडीराम म्हणाला. "सरकारी दवाखाना आज उघडा असतो."

"आन् भरती करून घेतलं म्हंजी?"

"म्हंजी काय?"

"म्हंजी ते घडलं का न्हाई घडलं?"

धोंडीरामने विचार केला. कुत्रं चावणं घडलं होतं. दवाखान्यात भरती होणं घडलंच असतं. "घडलं," तो म्हणाला.

"मंग बुधवारी जाऊ. बुधवार काय लांब हाय? आज रविवार गेला. उंद्या सोमवार. मला चार म्हयन्याचा खोकला, ह्यो हिरा चार दिसाचा. उगा त्याच्या नावावर कशाला?" तिने दम घेतला. "तुमी गादीवर बसल्याव मी एकदा दुकानात येनार. गिऱ्हाईक म्हनून. हिरा दाखवा म्हननार. उलटा करून."

तो हसला. हसला आणि थांबला. हेच पुढे त्याला सगळ्यात जास्त छळणार होतं. ती थांब म्हणाली म्हणून नव्हे. तो थांबला म्हणून.

सोमवारी त्याने वामनशेठना सांगितलं, चांगुणाला ताप आहे.

"किती?"

"मोजला नाही."

"मोजला नाही म्हणजे कणकण," शेठ म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतःच्या ड्रॉवरमधून तापाच्या गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. "गरम पाणी पाज. परवा बुधवार. परवापर्यंत काही घडवू नका बाबा."

मंगळवारी पहाटे धोंडीरामने ठरवलं की घडवायचं. गादी गेली तरी चालेल. आठ वाजता तो रिक्षा आणायला नाक्यावर गेला. पहिला रिक्षावाला वसाहतीत आत यायला तयार नव्हता, दुसऱ्याला पंचवटीचं भाडं होतं, तिसरा आला. तो रिक्षातून वसाहतीत उतरला तेव्हा साडेनऊ वाजत होते.

साडेनऊला काय झालं ते आपण विसरलो आहोत.

दुपारी घोटीची लेक आली. पांढरी वस्त्रं नेसून लोक जमले, त्रिसरण-पंचशील झालं, आणि मग सगळं अडलं. अंगठी निघेना. बोट सुजलं होतं. बायकांनी तेल लावून पाहिलं, साबण लावून पाहिलं. वसाहतीतले एक वडीलधारे म्हणाले, असू द्या, जाऊ द्या तशीच. मग त्यांनाच आठवलं की बोटात काय आहे. माणूस दारात तयार, आणि हिरा सोडत नाही, अशा अवस्थेत अडीचशे माणसं उन्हात उभी राहिली.

कुणीतरी सायकलवर दुकानात गेलं. तासाभराने हबीब आला. एकटा. पिशवीत केसाएवढ्या पात्याची करवत होती. तो चांगुणाजवळ मांडी घालून बसला, भिंग डोळ्यावर ओढलं, तिचा हात स्वतःच्या गुडघ्यावर घेतला.

"माफ कर भाभी," तो म्हणाला.

चांदी कापायला त्याने पाव तास घेतला. इतर वेळी त्याला दोन मिनिटं पुरायची. पण कातडीला पातं लागू द्यायचं नव्हतं. आता लागलं असतं तर काय फरक पडला असता, असं कुणी विचारलं नाही. हिरा सुटून तिच्या तळव्यात पडला. हबीबने तो न बघताच पुडीत घातला. चांदीचं कापलेलं वळं त्याने तिच्या मुठीत ठेवलं, बोटं मिटली आणि उठला. धोंडीरामच्या बोटातली मोठी अंगठी तशीच निघाली, काहीच लागलं नाही.

दुकानात हबीबने सांगितलं, चांदी वाटेत पडली. शेठ त्याच्यावर चिडले. त्या आठवड्यात दुकानाचं काही गेलं असेल तर तेवढंच.

गुरुवारी धोंडीराम कामावर गेला. वामनशेठनी त्याला स्टुलावर बसवलं. परीक्षेचा आठवडा संपला होता, तरी बसवलं. पाणी दिलं. मग दोन्ही पुड्या समोर ठेवल्या. पाचवी ओळ कोरी होती.

"फार वाईट झालं," शेठ म्हणाले. "पण आपण शास्त्राने जाऊ. लहान हिरा तिच्या बोटात होता, आणि ती गेली. म्हणजे दोष लहान हिऱ्याचा. बरोबर?"

शेठनी दुसरी पुडी पुढे ओढली.

"पण मोठा तुझ्या बोटात होता, आणि तुझी बायको गेली. तुझं घर बसलं. म्हणजे दोष मोठ्याचा. हेही बरोबर."

"शेठ, तुम्ही म्हणाला होता नवरा-बायको एकच."

"ते परीक्षेपुरतं. निकालाला वेगवेगळे धरावे लागतात." शेठनी पेनाचं टोपण काढलं. "आता एकच माणूस गेलं आणि हिरे दोन. दोघांनी मिळून एक माणूस नेलं असं शास्त्रात नाही. कुणी नेलं ते सिद्ध होत नाही. शिवाय खोकला जुना होता, हे तूच मला सांगितलंस."

"एकावर तरी लिहा शेठ."

"लिहितो. कोणत्यावर लिहू?"

पेन हवेत थांबलं. धोंडीरामने दोन्ही पुड्यांकडे पाहिलं. उबदार आणि पांढरा. खोल बुडाचा आणि काठावरच्या डागाचा. वजन कळत होतं, रंग कळत होता. सगळं कळत होतं. मोठ्याचं नाव घ्यावं तर ते खोटं. लहानाचं घ्यावं तर तो कुणी निवडून तिच्या बोटात घातला, हे आलंच.

शेठनी थोडा वेळ वाट पाहिली, मग दोन्हीवर लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

शुक्रवारी लताबाई आल्या. दोन्ही निरंक पाहून त्यांना समाधान वाटलं. पेढे दिले. मग म्हणाल्या, अंगठी राहू द्या. जावयाला स्कूटर हवी आहे. नंबर लागायला चार वर्षं लागतात, पण यजमानांच्या ओळखीने लगेच मिळतेय. हिरे चांगलेच असणार, म्हणाल्या, पण हिऱ्यावर बसून कामावर जाता येत नाही.

दोन्ही पुड्या तिजोरीत गेल्या.

पाडवा आला. दुकानाला तोरण लागलं. धोंडीराम धुतलेला सदरा घालून आला आणि गादीजवळ उभा राहिला. वामनशेठनी मान वर केली, आणि आठवल्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं.

"अरे हो. पण या वर्षी नको. घरातलं माणूस गेलंय. सणासुदीला लोक शुभकार्याला हिरा घ्यायला येतात. गादीवर तसा माणूस... वर्ष जाऊ दे."

"शेठ," धोंडीराम म्हणाला, "पण काही घडलं नाही ना?"

"म्हणजे?"

"तुम्हीच लिहिलंय. निरंक."

वामनशेठनी त्याच्याकडे पाहिलं. माडीच्या जिन्यावर हबीब उभा होता, त्याने भिंग डोळ्यावरून काढलं.

"ते पुडीवर," शेठ म्हणाले. "आणि हे दुकानात. तू असं उलटसुलट बोलायला लागलास तर कसं चालेल?"

धोंडीराम दाराशी जाऊन उभा राहिला. दिवसभर नमस्कार करणाऱ्यांसाठी दार उघडत राहिला. त्यानंतर जून उजाडेपर्यंत तीन हिरे परीक्षेला आले. तिन्हींना तो नाही म्हणाला. शेठनी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, आता मी मानायला लागलोय, माझी परीक्षा खात्रीची राहिली नाही. शेठना हे पटलं. त्यांनी दुसरा माणूस शोधला.

एका शनिवारी अर्धा दिवस सुट्टी घेऊन तो कलेक्टर कचेरीबाहेर गेला. तिथे कडुनिंबाखाली मल्हारी अर्जलेखक टाइपरायटर घेऊन बसायचा. त्याच्या हातून नाशिक जिल्ह्यातली बहुतेक सगळी दुःखं तीन प्रतींत गेली होती.

"बोला काका. सातबारा का रेशन कार्ड?"

"हिरा."

मल्हारीने कार्बन घातला आणि मग काढला. "चोरीला गेला?"

"नाही. दुकानात आहे."

"मग तक्रार काय?"

धोंडीरामने सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. लहान हिरा, मोठा हिरा, रविवार, बुधवार. मल्हारी माणसांचं ऐकायला बसलेला नव्हता, तरी त्याने ऐकलं. मागे रांगेत दोघं आले, ऐकून उभे राहिले.

"शेठवर केस करायची का?"

"नाही. शेठने गोळ्या दिल्या."

"दवाखान्यावर?"

"दवाखान्यात गेलोच नाही."

"मग कुणावर?"

"हिऱ्यावर."

मल्हारीने चष्मा पुसला. "काका, तुम्ही असलं मानता?"

"नाही मानत," धोंडीराम म्हणाला. "म्हणून तर लेखी पाहिजे."

मग कोणत्या कचेरीच्या नावे करायचा यावर चर्चा झाली. रांगेतला एक जण म्हणाला, हिरा खाणीतून येतो, खाणवाल्यांकडे करा. दुसरा म्हणाला, मयताची नोंद नगरपालिकेत होते. मल्हारीचं मत पडलं की हिऱ्याला वजन असतं आणि वजनाचं सरकारात एक खातं आहे. बाकी ते बघतील. त्याने नवा कागद चढवला. मजकूर धोंडीरामने स्वतः सांगितला. मल्हारीने फक्त भाषा सरकारी केली.

प्रति,
मा. निरीक्षकसाहेब, वजने व मापे, नाशिक यांचे सेवेशी.

विषय : हिऱ्यातील दोषाची नोंद होऊन दाखला मिळणेबाबत.

अर्जदार धोंडीराम भिकन साळवे, धंदा नोकरी, राहणार पेठ रोड, नाशिक, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, वजन अठ्ठेचाळीस सेंट, रंग पांढरा, घाट उत्तम, काठास एक डाग, असा एक हिरा अर्जदाराने स्वतः पारखून आपले पत्नीचे बोटात घातला होता. मुदतीमध्ये ती मयत झाली. तिला रविवारी दवाखान्यात नेणे जरूर होते, ते अर्जदाराने बुधवारवर ठेवले. सदर हिऱ्याची उत्तरेकडील उजेडात उलट-सुलट तपासणी करता त्यात काठावरील डागाव्यतिरिक्त दोष आढळत नाही, हे अर्जदारास मान्य आहे. तथापि हिरा निर्दोष ठरल्यास सर्व दोष अर्जदाराकडे शिल्लक राहतो, व तो ठेवण्यास अर्जदाराचे घरी जागा नाही. तरी मेहेरबान साहेबांनी सदरचा दोष अर्जदाराचे नावावरून कमी करून हिऱ्याचे नावे वर्ग करण्यात यावा व तसा लेखी दाखला अर्जदारास देण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती.